राजा घरी नव्हता तेव्हा

१ मेला आपला महाराष्ट्र दिन, इथे कामगार दिन म्हणून सुट्टी, आणि लगेच २ मेला माद्रिदची स्वतःची सुट्टी, त्यामुळे इथे राहणाऱ्या आम्हा मराठी लोकांना मे महिना उजाडला की लागोपाठ दोन दिवस ऑफिस बंद. पहिल्या सुट्टीचं कारण आपल्याला पाठ असतं, दुसऱ्या सुट्टीचं कोणाला विचारलं तर "त्या दिवशी फ्रेंचांना हाकललं" असं बिनधास्त उत्तर मिळतं. हाकललं वगैरे काही नव्हतं हो. २ मे १८०८ ला फ्रेंचांनी माद्रिदला अक्षरशः तुडवलं आणि हाकलायला पुढे पाच वर्षं लागली. पण लढाईपेक्षा मला त्याच्या अलीकडचे-पलीकडचे दिवस जास्त इंटरेस्टिंग वाटतात, कारण ज्या राजसत्तेला कोणी विचारणारं नव्हतं, जी देवाने दिली म्हणून सांगत होते, ती साताठ आठवड्यांत खलास झाली आणि त्यासाठी ना गिलोटिन लागलं ना क्रांती, राजघराण्यातल्या लोकांनी स्वतःच्या हाताने सह्या करून ती दिली. हे जेवढं वाचत गेलो तेवढं डोकं चक्रावत गेलं म्हणून आज सगळं एकदा लिहून टाकतो, लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

तर १८०८ च्या आधीचा सीन. राजा कार्लोस चौथा, १७८८ पासून गादीवर. माणूस वाईट नव्हता, पण त्याचं लक्ष शिकारीत आणि घड्याळांत. रोज शिकार, पाऊस असो थंडी असो. राणी मारिया लुइसा, आणि राणीचा (आणि राजाचाही, हे विशेष) लाडका मानुएल गोदॉय. हा गोदॉय बादाहोसकडच्या साध्या घराण्यातला, राजाच्या अंगरक्षकांत भरती झालेला पोरगा, आणि १७९२ मध्ये वयाच्या पंचविशीत डायरेक्ट पंतप्रधान! आता असं प्रमोशन बघून लोक काय बोलणार ते बोललेच, राणीबरोबरचे किस्से गल्लोगल्ली चालायचे, खरे किती खोटे किती देव जाणे. दरबारी चित्रकार गोयाने काढलेलं या राजघराण्याचं मोठ्ठं चित्र माद्रिदच्या प्राडो संग्रहालयात आहे, त्यात राणी बरोब्बर मधोमध उभी आहे आणि राजा जरा बाजूला, पोटावर पदकं लटकवून. चित्रासमोर उभं राहिलं की घरात कोणाचं चालत होतं हे सांगायला गाईड लागत नाही.

पैशाची बोंब तर होतीच. इंग्लंडशी युद्ध म्हणून अमेरिकेतली चांदी वेळेवर पोचेना, सरकारने कागदी रोखे काढले त्यांची किंमत घसरत गेली, १७९८ पासून चर्चच्या धर्मादाय संस्थांच्या जमिनी विकायला काढल्या, त्यामुळे पाद्री मंडळी नाराज. १८०४ च्या आसपास दुष्काळ आणि साथी. आणि २१ ऑक्टोबर १८०५ ला ट्रफाल्गरला फ्रेंचांच्या नादी लागून आरमाराचं वाटोळं. या सगळ्याचा राग राजावर नाही, गोदॉयवर. राजा बिचारा भोळा आहे, सल्लागार हरामखोर आहे. ही समजूत पुढे फार महाग पडली, कारण याच समजुतीवर युवराज फर्नांदो मोठा झाला. लोकांना वाटायचं हा आला की सगळं ठीक होईल.

फर्नांदोला गोदॉय डोळ्यांसमोर नको होता. १८०७ च्या ऑक्टोबरमध्ये एस्कोरियलच्या महालात त्याचे कागद सापडले, त्यात गोदॉयला उडवायचे बेत, शिवाय नेपोलियनला त्याने गुपचूप पत्रही लिहिलं होतं की तुमच्या घराण्यातली मुलगी मला द्या. बापाने पोराला अटक केली. पोराने काय करावं? साथीदारांची नावं सांगितली, माफीची पत्रं लिहिली आणि सुटला. या माणसाची सगळी पुढची कारकीर्द या एका प्रकरणात दिसते बघा, अडचण आली की बरोबरच्यांना पुढे ढकलायचं.

नेमकं त्याच महिन्यात, २७ ऑक्टोबरला, फाँतेनब्लोचा तह. पोर्तुगाल इंग्रजांना सोडत नाही म्हणून फ्रान्स आणि स्पेनने मिळून तो घ्यायचा, तीन तुकडे करायचे, दक्षिणेचा तुकडा खुद्द गोदॉयला, आणि त्यासाठी फ्रेंच फौजेला स्पेनमधून जाऊ द्यायचं. बाप नेपोलियनला लिहितोय, पोरगा नेपोलियनला लिहितोय, गोदॉय त्याच्याशी तह करतोय. भावकीच्या भांडणात तिघांनी एकाच सावकाराला पंच नेमावं तसला प्रकार. आणि आपण हसायला नको, आपल्याकडे दुसऱ्या बाजीरावाने ३१ डिसेंबर १८०२ ला वसईला हेच केलं होतं, होळकरांच्या भीतीने इंग्रजांची फौज स्वतःच्या खर्चाने घरात घेतली. गंमत म्हणजे मे १८०३ मध्ये बाजीरावाला पुण्याच्या गादीवर परत आणून बसवणारा, नंतर अहमदनगरचा किल्ला घेणारा आणि सप्टेंबरात जालन्याजवळ असईला शिंद्यांच्या फौजेशी लढणारा आर्थर वेलस्ली, तोच पाच वर्षांनी पोर्तुगालच्या किनाऱ्यावर उतरला आणि स्पेनमध्ये लढता लढता वेलिंग्टन झाला. इतिहासाच्या पुस्तकात हे दोन वेगवेगळे धडे असतात म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही.

असो. ३० नोव्हेंबर १८०७ ला फ्रेंच लिस्बनला पोचले, आदल्याच दिवशी पोर्तुगालचं राजघराणं जहाजांत बसून ब्राझीलला निघून गेलं होतं. पोर्तुगाल पडला, काम झालं, तरी फ्रेंच फौजा स्पेनमध्ये येतच राहिल्या. मित्र आहेत ना, मग अडवायचं कसं. पाम्प्लोनाचा किस्सा तर ऐकाच. फेब्रुवारी १८०८, शहरात फ्रेंच तळ देऊन बसलेले पण गढी स्पॅनिश शिबंदीकडे. रोज सकाळी काही फ्रेंच शिपाई आपला पाव न्यायला गढीच्या दाराशी येत. १६ फेब्रुवारीला बर्फ पडला होता, या शिपायांनी दारापुढे एकमेकांवर बर्फाचे गोळे मारायला सुरुवात केली, पहारेकरी हसत हसत मजा बघत उभे राहिले आणि खेळता खेळता हे पूलावर चढले, दार अडवलं, कपड्याखालची हत्यारं बाहेर, मागे लपलेली तुकडी आत. युरोपातला एक नंबरचा किल्ला, एक गोळी न उडवता गेला. महिनाअखेरीस बार्सिलोनाही असंच फसवून घेतलं. माद्रिदच्या दरबाराने यावर काय केलं? काहीच नाही. अजूनही मित्रच होते ते.

मग गोदॉयला उशिरा का होईना अक्कल आली की आपणही पोर्तुगालवाल्यांसारखं निघावं, आधी सेव्हिलला, वेळ पडली तर अमेरिकेला. दरबार तेव्हा माद्रिदजवळच्या अरान्हुएझला होता. बातमी फुटली आणि १७ मार्चच्या रात्री दंगा उसळला, त्यात उत्स्फूर्त जनता होती तशी फर्नांदोच्या बाजूच्या सरदारांनी पैसे देऊन आणलेली माणसंही होती, आजकालच्या मोर्च्यांसारखंच. गोदॉयचा वाडा फोडला पण गोदॉय गायब. तो माळ्यावर गुंडाळून ठेवलेल्या सतरंज्यांमध्ये लपला होता, दीड दिवस, अन्नपाण्याशिवाय, शेवटी तहान सहन होईना म्हणून १९ च्या सकाळी बाहेर आला आणि पकडला गेला. त्याचा जीव वाचवण्यासाठी त्याच दिवशी कार्लोसने गादी सोडली आणि फर्नांदो सातवा राजा झाला. लोक नाचले. पण इथे काय झालं ते बघा, जमावाने राजा बदलला होता. राजाची सत्ता वरून येते म्हणणाऱ्या देशात एक राजा रस्त्यावरून आला होता. हे तेव्हा नाचणाऱ्यांपैकी कोणाच्या डोक्यातही आलं नसावं.

नेपोलियनच्या मात्र बरोबर डोक्यात आलं. दोन दिवसांतच कार्लोसने "मी दबावाखाली सोडली" असं कळवलं, म्हणजे आता दोन राजे आणि दोघांनाही नेपोलियनची मान्यता पाहिजे. माद्रिदमध्ये नेपोलियनचा मेहुणा मुरा फौज घेऊन बसलेला, तो फर्नांदोला राजा म्हणेना. मग सांगितलं गेलं की सम्राट स्वतः येताहेत, तुम्ही जरा पुढे भेटायला चला. बुर्गोसला भेटतील. बुर्गोसला नाहीत, व्हिटोरियाला भेटतील. व्हिटोरियातल्या लोकांना कळत होतं, त्यांनी गाडीच्या खेचरांचे पट्टेच कापले की जाऊ नका महाराज, तरी हा गेला. २० एप्रिलला सीमा ओलांडून फ्रान्समधल्या बायोनला. आणि त्याच रात्री त्याला सांगण्यात आलं की त्याचं बोर्बोन घराणं आता स्पेनवर राज्य करणार नाही.

नंतर आईबापांनाही तिथे आणलं, गोदॉयलाही. नेपोलियनसमोर आई पोराला घालून पाडून बोलतेय, बाप काठी उगारतोय. ५ मे ला कार्लोसने आपला हक्क नेपोलियनला देऊन टाकला, बदल्यात काँपियेनचा महाल, शाँबोर आणि वर्षाला तीन कोटी रिआल. दुसऱ्या दिवशी फर्नांदोने गादी बापाला परत केली, बापाने ती कालच विकली आहे हे त्याला माहीतच नव्हतं. अमेरिकेच्या टोकापासून फिलिपिन्सपर्यंत पसरलेलं राज्य, आणि त्याचं खरेदीखत दोन दिवसांत पूर्ण.

माद्रिदचा २ मे याच्यामधला. त्या सकाळी राजवाड्यापुढे उरलेल्या राजपुत्रांपैकी चौदा वर्षांच्या फ्रान्सिस्कोला गाडीत घालून नेताहेत असं लोकांनी पाहिलं आणि भडका उडाला. चाकू, कात्र्या, कुंड्या, जे हाताला लागेल ते. पुएर्ता देल सोलवर फ्रेंच फौजेतले मामलुक (इजिप्तहून आणलेले) घोडेस्वार घातले अंगावर. आणि स्पॅनिश सैन्य? बराकीत! फर्नांदो जाताना जे सरकारी मंडळ नेमून गेला होता त्याचाच आदेश होता की हलायचं नाही. दोन तोफखाना कॅप्टन, दाओइस आणि व्हेलार्दे, यांनी आदेश मोडला, मोन्तेलेओनच्या तोफखान्यात लोकांना बंदुका दिल्या आणि त्याच दिवशी मेले. त्या बराकीचं दार आज मालासान्याच्या चौकात एकटंच उभं आहे, आणि संध्याकाळी पोरंपोरी त्याच्या आजूबाजूला बिअरचे कॅन घेऊन बसलेली असतात. मालासान्या हे वस्तीचं नावही त्या दिवशी मेलेल्या सतरा वर्षांच्या शिवणकाम करणाऱ्या मुलीचं. त्या रात्री आणि ३ मेच्या पहाटे मुराच्या लोकांनी पकडलेल्यांना गोळ्या घातल्या, गोयाने सहा वर्षांनी काढलेलं ते पांढऱ्या सदऱ्यातल्या माणसाचं चित्र म्हणजे हेच.

माझा खरा मुद्दा इथून सुरू होतो. राजा गेला तेव्हा राजाच्या संस्था उभ्या राहायला हव्या होत्या ना? कास्तीयची कौन्सिल, शेकडो वर्षं जुनी, देशातली सगळ्यात वजनदार संस्था, ती फ्रेंचांचे हुकूम छापून वाटत बसली. मोठे सरदार बायोनला जाऊन नेपोलियनने नेमलेल्या नवीन राजाला मुजरा करून आले. उभा कोण राहिला, तर माद्रिदबाहेरच्या मोस्तोलेस नावाच्या खेड्याचा आल्काल्दे, म्हणजे आपल्या भाषेत सरपंच, आंद्रेस तोरेहोन, ज्याच्या सहीने २ मेलाच आजूबाजूच्या गावांना पत्र गेलं की राजधानीत माणसं मरताहेत, निघा. (आज मोस्तोलेस म्हणजे माद्रिदची मेट्रो जिथे संपते त्या बाजूची घामट उपनगरी वस्ती.) मग मेच्या शेवटी ओव्हिएदोमध्ये अस्तुरियासच्या मंडळाने सरळ नेपोलियनविरुद्ध युद्ध जाहीर केलं आणि मदत मागायला माणसं लंडनला पाठवली. एक प्रांत स्वतःच्या जोरावर परराष्ट्र धोरण करतोय! सेव्हिल, व्हॅलेन्सिया, सारागोसा, जिकडे तिकडे असली मंडळं, त्यांना हुंता म्हणायचे. त्यांत बिशप होते, जनरल होते, जमीनदार होते, क्रांतिकारक वगैरे शोधून सापडले असते. पण कोणत्या अधिकाराने कर गोळा करताय असं विचारलं की त्यांना उत्तर द्यावं लागायचं, आणि उत्तर एकच होतं, राजा कैदेत आहे म्हणून सत्ता लोकांकडे परत आली आहे. राजाच्या नावाने, राजाच्या प्रेमापोटी, राजेशाहीच्या मुळावर येणारं वाक्य.

जुलैत बायलेनला स्पॅनिश जनरल कास्तान्योसने फ्रेंच जनरल दुपाँची अख्खी फौज शरण आणली, सतरा-अठरा हजार माणसं. नवा राजा जोसेफ बोनापार्ट, नेपोलियनचा मोठा भाऊ, २० जुलैला माद्रिदला आला होता तो दहा दिवसांत सामान बांधून परत. आणि मग कौन्सिलसाहेबांना ऑगस्टमध्ये कंठ फुटला की बायोनच्या सह्या बेकायदेशीर आहेत!

जोसेफबद्दल दोन शब्द, कारण त्याच्यावर अन्यायच झाला. लोक त्याला पेपे बोतेया म्हणायचे, बाटलीवाला, खरं तर तो फारसा पीत नसे. माद्रिदमध्ये मठ पाडून चौक मोकळे केले, चित्रांचं सार्वजनिक संग्रहालय काढायचा हुकूम १८०९ मध्ये काढला. डिसेंबर १८०८ मध्ये नेपोलियन स्वतः आला तेव्हा चामार्तिनहून त्याने एका दिवसात इन्क्विझिशन (धर्मविरोधकांना शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय) बंद, सरंजामी हक्क बंद, मठांची संख्या एक तृतीयांशावर असे हुकूम काढले. कागदावर बघितलं तर सुधारणाच सुधारणा, आणि बरेच शिकलेले स्पॅनिश याच हिशेबाने त्याच्या बाजूला गेले, ज्यांना पुढे आयुष्यभर गद्दार म्हटलं गेलं. पण ज्याच्या घरातलं धान्य फ्रेंच शिपायाने नेलंय त्याला इन्क्विझिशन बंद झाल्याचं काय कौतुक. सारागोसाच्या दुसऱ्या वेढ्यात, जो फेब्रुवारी १८०९ मध्ये संपला, साधारण पन्नास हजारांच्या वर माणसं मेली, बरीचशी टायफसने. १८११-१२ मध्ये माद्रिदमध्ये भुकेने लोक रस्त्यात पडत होते. डोंगरात एल एम्पेसिनादो, एस्पोस इ मिना, मेरिनो नावाचा पाद्री यांच्या टोळ्या, आपल्या गनिमी काव्यासारखाच प्रकार, फ्रेंच टपाल घेऊन जायचं तर शंभरेक घोडेस्वारांचं संरक्षण लागायचं.

आणि हे सगळं ज्याच्या नावाने चाललं होतं तो "एल देसेआदो", म्हणजे लोक ज्याची वाट बघत होते तो फर्नांदो, फ्रान्समधल्या वालाँसेला, फ्रेंच मुत्सद्दी तालेराँच्या महालात आरामात होता. नेपोलियन स्पेनमध्ये जिंकला की अभिनंदनाची पत्रं पाठवत होता! मला दत्तक घ्या, तुमच्या घरातली मुलगी द्या, हेही चालूच. नेपोलियनने ती पत्रं पेपरात छापली तर स्पेनमध्ये कोणी विश्वास ठेवेना, फ्रेंचांनी बनवली असणार म्हणाले. १८१० मध्ये कोली नावाचा इंग्रजांचा माणूस त्याला सोडवायला निघाला, तो पॅरिसमध्ये पकडला गेला आणि फ्रेंचांनी त्याच्या जागी तोतया पाठवला, तर फर्नांदोने लगेच जाऊन महालाच्या अधिकाऱ्याला सांगितलं की हा मला पळवायला आलाय.

तोपर्यंत कादिझमध्ये काय चाललं होतं बघा. १८१० च्या सुरुवातीला अंदालुसिया पडला, सगळ्या हुंतांच्या वर नेमलेली मध्यवर्ती हुंता कोसळली, उरलंसुरलं सरकार पळत पळत समुद्राने वेढलेल्या या एका शहरात येऊन अडकलं. फेब्रुवारी १८१० ते ऑगस्ट १८१२ वेढा, पण समुद्र इंग्रज आरमाराच्या ताब्यात म्हणून धान्य, बातम्या, पैसा सगळं येत राहिलं. खाडीपलीकडच्या त्रोकादेरोवरून फ्रेंच तोफा डागायचे, त्यांचे बरेच गोळे पोचायचेच नाहीत. शहर व्यापाऱ्यांचं, अमेरिकेशी धंदा करणाऱ्यांचं, कॅफे भरलेले, रोज नवं वर्तमानपत्र. पुढे इथे जे पार्लमेंट भरलं ते बुर्गोस किंवा तोलेदोला भरलं असतं तर असलं काही झालं नसतं असं मला पक्कं वाटतं. शिवाय बऱ्याच प्रांतांतून प्रतिनिधी येऊच शकत नव्हते, मग तिथले जे लोक निर्वासित म्हणून कादिझमध्ये सापडले त्यांतून बदली प्रतिनिधी निवडले, आणि निर्वासित म्हणजे बहुतेक शिकलेले, तरुण, डोक्यात वारं भरलेले.

२४ सप्टेंबर १८१० ला कादिझशेजारच्या ला इस्ला दे लेओनच्या एका नाटकगृहात कोर्तेस, म्हणजे हे पार्लमेंट, भरली. पहिल्याच दिवशी मुन्योस तोरेरो उठला, एक्स्त्रेमादुराचा पाद्री, सालामांका विद्यापीठाचा माजी रेक्टर, कोणी जहाल माणूस नाही, आणि त्याने प्रस्ताव मांडला की सार्वभौम सत्ता या सभेत आहे, राजा फर्नांदोच आमचा राजा, बायोनच्या सह्या रद्द, आणि रद्द का, तर दबाव होता म्हणूनच नाही, राष्ट्राची संमती नव्हती म्हणूनही. मध्यरात्रीच्या आसपास रीजन्सीच्या, म्हणजे राजाच्या गैरहजेरीत कारभार बघणाऱ्या मंडळाच्या, सदस्यांना बोलावून शपथ घ्यायला लावली. त्यांतला ओरेन्सेचा बिशप आलाच नाही, शपथ घ्यायला पुढे कित्येक महिने नाही म्हणत राहिला. त्याला बरोबर कळलं होतं काय झालंय ते. माझ्या मते त्या सभागृहाबाहेर राहून सगळ्यात नीट समजलेला माणूस तोच.

मग १९ मार्च १८१२ ला राज्यघटना, ३८४ कलमं. फर्नांदो गादीवर आल्याचा वाढदिवस म्हणून मुद्दाम ही तारीख, आणि तो सेंट जोसेफचा दिवस (जोसेफला तिकडे लाडाने पेपे म्हणतात) म्हणून घटनेचं लाडकं नाव पडलं ला पेपा. धो धो पाऊस होता त्या दिवशी, तरी मिरवणूक निघाली. घटनेत त्रुटी भरपूर, कॅथलिक सोडून दुसरा धर्म चालणार नाही, बायकांना मत नाही, आफ्रिकन वंशाच्या लोकांना नागरिकत्व जवळपास नाहीच. अमेरिकेतल्या प्रतिनिधींना यातली गोम लगेच कळली, हे लोक मोजले तर तिकडच्या जागा इकडच्यापेक्षा जास्त झाल्या असत्या. पण मला सगळ्यात आवडतं ते १७२ वं कलम. राजाने काय काय करायचं नाही याची बारा मुद्द्यांची यादी. कोर्तेसच्या परवानगीशिवाय राजाने देशाबाहेर जायचं नाही, गेला तर गादी सोडली असं समजण्यात येईल. राजाने आपली सत्ता दुसऱ्याला द्यायची, विकायची, सोडायची नाही. देशाचा एक तुकडाही द्यायचा नाही. परवानगीशिवाय लग्न करायचं नाही, केलं तर पुन्हा तेच, गादी सोडली. वाचताना अक्षरशः बायोनची सहल डोळ्यांसमोर उभी राहते. फर्नांदोवर प्रेम करतो म्हणणाऱ्या लोकांनी फर्नांदो नेमका कसा वागला त्याची यादी करून ते गुन्हे ठरवले होते. आणि वर नकाराधिकार फक्त दोनदा, तिसऱ्यांदा तोच कायदा पास झाला की राजाला मान्य करावाच लागणार.

२१ जून १८१३ ला व्हिटोरियाला जोसेफचा शेवट झाला. त्याचं सगळं सामान वेलिंग्टनच्या लोकांना सापडलं, स्पॅनिश राजवाड्यातली चित्रं, आणि जोसेफचं चांदीचं शौचपात्रसुद्धा, जे एका इंग्रज घोडेस्वार पलटणीने ठेवून घेतलं आणि त्यातून शॅम्पेन प्यायची प्रथा पाडली. (हे मी बनवत नाहीये!) चित्रं वेलिंग्टनने परत देऊ केली तर नंतर फर्नांदोने ती त्यालाच देऊन टाकली.

डिसेंबर १८१३ च्या तहाने नेपोलियनने फर्नांदोला सोडलं, मार्च १८१४ मध्ये तो स्पेनमध्ये आला. कोर्तेसने रस्ता ठरवून दिला होता, सरळ माद्रिदला या, शपथ घ्या, मग राजा. हा मुद्दाम सारागोसाला वळला, मग व्हॅलेन्सियाकडे, जमाव कसा आहे, फौज कोणाची आहे याचा अंदाज घेत. व्हॅलेन्सियाजवळ पुसोलला रस्त्यात रीजन्सीचा अध्यक्ष कार्डिनल लुइस दे बोर्बोन भेटायला आला, नात्यातलाच. त्याला सूचना होती की शपथेआधी राजाच्या हाताचं चुंबन घ्यायचं नाही. फर्नांदोने हात पुढे केला. कार्डिनल थांबला. "बेसा!" म्हणजे घे चुंबन. घेतलं. कादिझची साडेतीन वर्षं त्या रस्त्यावर एका शब्दात गेली.

४ मेचा हुकूमनामा वाचण्यासारखा आहे. घटना रद्द, कायदे रद्द, नुसते रद्द नाहीत तर असं काही कधी घडलंच नव्हतं आणि ते काळातूनच काढून टाकलंय असं समजावं, अशी भाषा. काळातून काढून टाकायचं! १० मेच्या रात्री माद्रिदमध्ये प्रतिनिधींची धरपकड, मुन्योस तोरेरो मठात कैद, उत्तम वक्ता अर्ग्वेयेस आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या सेउताला रवाना. आणि राजा आला तेव्हा लोकांनी गाडीचे घोडे सोडून स्वतः गाडी ओढली. लिबरल लोक याला जनतेचं अडाणीपण म्हणायचे, मला ते पटत नाही. खेड्यातल्या माणसाला कादिझने काय दिलं होतं? सरंजामी अधिकार कागदावर गेले पण जमीन त्याच जमीनदाराची खाजगी मालमत्ता म्हणून राहिली, सहा वर्षं दोन्हीकडच्या फौजांनी लुटलं, आणि चर्चमधला पाद्री सांगतोय की राजा आला, संपलं सगळं. ओढली गाडी.

फक्त राज्य चालेना. खजिना रिकामा, अमेरिका पेटलेली, लढून आलेले अधिकारी बिनपगारी आणि डोक्यात कादिझ, दर एकदोन वर्षांनी कोणीतरी जनरल बंड करतोय आणि फासावर जातोय. अमेरिकेवर स्वारी करायला रशियाच्या झारकडून जहाजं घेतली ती निघाली कुजलेली. त्या स्वारीसाठी कादिझच्या आसपास सडत ठेवलेल्या फौजेतच १ जानेवारी १८२० ला रिएगो नावाच्या अधिकाऱ्याने उठाव करून १८१२ ची घटना जाहीर केली, आणि मार्चमध्ये फर्नांदोने अगदी हसतमुखाने शपथ घेतली, म्हणाला चला घटनेच्या मार्गाने, सगळ्यांत पुढे मी. त्याच लाटेत पोर्तुगालमध्येही उठाव झाला, तिथल्या घटनेवर कादिझची छाप स्पष्ट आहे, आणि त्यातूनच १८२२ मध्ये गोव्यातून लिस्बनच्या पार्लमेंटवर तीन प्रतिनिधी निवडले गेले, त्यांतला बेर्नार्दो पेरेस दा सिल्व्हा तिसवाडीतल्या नेवऱ्याचा. भारतातल्या लोकांनी युरोपातल्या पार्लमेंटवर माणसं निवडून पाठवली ती अशी, कादिझच्या नाटकगृहातून फिरून आलेल्या गोष्टीमुळे.

फर्नांदोने तीन वर्षं घटनेची शपथ पाळल्यासारखं केलं आणि गुपचूप बाहेर पत्रं लिहिली, सवयच ती. १८२३ च्या एप्रिलमध्ये फ्रेंच फौज पुन्हा पिरेनीज ओलांडून आली, या वेळी फ्रान्सच्या बोर्बोन राजाची, तिचं नाव "संत लुईचे एक लाख पुत्र". कोर्तेसने राजाला बरोबर घेऊन सेव्हिल गाठलं, तो पुढे यायला नाही म्हणाला तर त्याला तात्पुरता अक्षम ठरवून कादिझला नेलं. पुन्हा वेढा, पुन्हा त्रोकादेरो, आणि या खेपेला त्रोकादेरो घेतल्यावर कादिझ पडलं. १५ वर्षांपूर्वी ज्या खेड्यांनी फ्रेंच शिपाई विहिरीत ढकलले होते त्यांतल्या कितीतरी ठिकाणी त्यांच्यासाठी घंटा वाजल्या. १ ऑक्टोबरला सुटका झाल्याझाल्या फर्नांदोने पुन्हा सगळं रद्द केलं, नोव्हेंबरात रिएगोला माद्रिदमध्ये फाशी, १८२५ मध्ये एल एम्पेसिनादोला रोआ गावात, ज्याने याच राजाच्या नावाने सहा वर्षं डोंगरात काढली होती. फ्रेंच फौज १८२८ पर्यंत स्पेनमध्ये राहिली, राजाच्या संरक्षणाला, आणि खर्चाचं बिल स्पेनच्या नावावर.